आव समजून अंगावर काढू नका

पावसाळा लागला की आपल्या वर्धा जिल्ह्यात घराघरांत कुणाचे तरी पोट बिघडते. विहिरीचे पाणी गढूळ होते, नळाला माती येते, उघड्यावरचे खाल्ले जाते. पोटात मुरडा येतो, आव पडते, कधी रक्तही दिसते. मेडिकलमधून चार गोळ्या आणल्या, ताक-भात खाल्ला की बहुतेकांना आठवड्याच्या आत बरे वाटते. या सवयीमुळेच एखाद्याच्या शौचातून महिनाभर रक्त गेले तरी घर सावध होत नाही. ‘पुन्हा आव झाली’, ‘उष्णता झाली’, ‘बवासीर असेल’ असे म्हणत दिवस निघून जातात.

अशा घरांपैकी काही घरांत हा साधा जुलाब नसतो, मूळव्याधही नसते. तो असतो ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन जखमा होण्याचा आजार. हा आजार फक्त परदेशात होतो असा पूर्वी समज होता. पंजाबातील लुधियानाच्या डॉक्टरांनी घरोघरी फिरून सुमारे ५२ हजार लोकांची पाहणी केली, तेव्हा त्यांना २३ रुग्ण सापडले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीनुसार लाख लोकांमागे ४४ जणांना हा आजार होता. हिंगणघाट किंवा वर्ध्याएवढ्या शहरात असे रुग्ण असणारच, पण त्यांतील कित्येकांना आपल्याला काय झाले आहे याचा पत्ता नसतो.

या महिन्याच्या सदरात या आजाराच्या सर्वांत धोक्याच्या अवस्थेविषयी, म्हणजे तो अचानक भडकतो तेव्हा काय करायचे, याविषयी सविस्तर बोलू.

हा आजार आहे तरी काय?

आपल्या शरीरात रोगाशी लढणारी एक फौज असते. काही माणसांत ही फौज स्वतःच्याच मोठ्या आतड्यावर चालून जाते. ती असे का करते, याचे पूर्ण उत्तर विज्ञानाला अजून मिळालेले नाही. सूज गुदाशयापासून, म्हणजे अगदी खालच्या टोकापासून सुरू होते आणि सलगपणे वर चढते. कुणात ती खालीच थांबते, कुणात संपूर्ण मोठे आतडे व्यापते. बहुतेकांना हा आजार ऐन तरुणपणात, २० ते ४० वयाच्या दरम्यान गाठतो. तो संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एकच संडास वापरल्याने, बाळाला जवळ घेतल्याने तो दुसऱ्याला होत नाही. मसाला जास्त खाल्ला म्हणून किंवा कुणाची नजर लागली म्हणूनही तो होत नाही.

मूळव्याधीत रक्त साधारणपणे शौचाच्या शेवटी, थेंबाथेंबाने किंवा धारेने वेगळे पडते आणि शौच घट्ट असते. या आजारात रक्त आणि चिकट आव पातळ शौचात मिसळलेली असते. पुन्हा पुन्हा जावेसे वाटते, गेल्यावर थोडेच होते, पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. घाई इतकी की संडासापर्यंत पोचणे कठीण होते. रात्री झोपेतून उठून जावे लागते, ही मोठी खूण आहे. त्यासोबत वजन घटते, चेहरा पांढरा पडतो, काहींचे सांधे दुखतात, डोळे लाल होतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ हे चालू असेल, तर मेडिकलच्या काउंटरवर न जाता डॉक्टरांकडे जायला हवे.

उशीर कुठे होतो?

पहिला उशीर लाजेमुळे होतो. शौचातून रक्त जाते हे मुलगी अम्मीला सांगत नाही, सून सासूला सांगत नाही, तरुण मुलगा तर कुणालाच सांगत नाही. तपासणीसाठी बोट किंवा दुर्बीण घालावी लागेल या धास्तीने दवाखाना टळतो. बहिणींसाठी सांगायचे तर, तपासणीच्या वेळी महिला डॉक्टर किंवा परिचारिका सोबत असावी अशी मागणी करण्याचा तुम्हाला हक्क आहे. तपासणीपुरताच भाग उघडा ठेवून बाकी अंग झाकता येते. पहिल्याच भेटीत हे स्पष्ट बोलावे, म्हणजे पुढचा संकोच राहत नाही.

दुसरा उशीर अंदाजाच्या औषधांमुळे होतो. आवेच्या गोळ्यांचे तीन-तीन कोर्स होतात, मग मूळव्याधीचे मलम, मग कुणाच्या तरी ओळखीची बिनलेबलची पुडी. अशा पुडीत काय मिसळले आहे हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि देणाराही सांगत नाही. पोट दुखते म्हणून आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेतली जाते. तिने हा आजार आणखी भडकू शकतो. जुलाब बंद करणारी लोपेरामाइडची गोळी तर तीव्र अवस्थेत धोक्याची आहे. आतडे फुगून त्याची हालचाल थांबण्याचा संभव त्यामुळे वाढतो.

भडका ओळखा

या आजारात काही महिने किंवा वर्षे शांततेची जातात आणि मग तो उचल खातो. दर पाच रुग्णांपैकी जवळपास एकाला आयुष्यात कधीतरी तीव्र भडक्याला तोंड द्यावे लागते. काहींचा तर आजाराशी पहिला परिचयच अशा भडक्याने होतो.

१९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या दोन डॉक्टरांनी तीव्र भडका ओळखण्याचे सोपे माप दिले. ते आजही जगभर वापरले जाते. दिवसात ६ किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच आणि त्यासोबत पुढीलपैकी एक जरी गोष्ट असली, तरी रुग्णाला दवाखान्यात भरती करायला हवे:

- नाडी मिनिटाला ९० च्या वर
- ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर
- हिमोग्लोबिन १०.५ पेक्षा कमी
- रक्तातील ईएसआर ३० च्या वर

यांपैकी पहिल्या दोन गोष्टी घरी घड्याळ आणि थर्मामीटर घेऊन पाहता येतात. पोट फुगून घट्ट झाले, शौच अचानक थांबून दुखणे वाढले, चक्कर येऊ लागली, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

एकेकाळी अशा भडक्यात दर तिघा-चौघांमागे एक रुग्ण दगावत असे. आज वेळेवर आणि नीट उपचार मिळाले तर हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले आहे. स्टेरॉइड, शस्त्रक्रिया आणि रुग्णावर रोज ठेवलेली बारीक नजर यांमुळे हा बदल झाला.

दवाखान्यात काय तपासतात आणि का?

आपल्या जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सुरू झालेली सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि तिचे कस्तुरबा रुग्णालय हे एक. सावंगी मेघे येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय हे दुसरे. आर्वी, आष्टी, कारंजा, समुद्रपूर अशा तालुक्यांतून निघणाऱ्यांनी भडक्याच्या वेळी छोट्या दवाखान्यात सलाइन लावत चार दिवस घालवण्यापेक्षा थेट मोठे रुग्णालय गाठणे बरे.

तिथे गेल्यावर इतक्या तपासण्या कशाला, असे नातेवाइकांना वाटते. प्रत्येकीमागे कारण असते.

शौचाची तपासणी होते, कारण अमिबाची आव आणि काही जंतूंचे जुलाब हुबेहूब असेच दिसतात. अमिबा असताना स्टेरॉइड दिले तर रुग्णाचे फार नुकसान होते. अलीकडे अँटिबायोटिक घेतलेल्यांत ‘क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल’ नावाच्या जंतूचाही शोध घेतात.

रक्तात हिमोग्लोबिन, सीआरपी, पोटॅशियम आणि अल्ब्युमिन पाहतात. जुलाबात पोटॅशियम वाहून जाते आणि ते कमी झाले की आतडे सुस्त पडते. सीआरपी सूज किती आहे हे सांगते, आणि पुढचे निर्णय त्याच्या आकड्यावर ठरतात.

पोटाचा एक्स-रे काढतात. मोठे आतडे ६ सेंटीमीटरहून अधिक फुगले असेल, तर ते फुटण्याचा धोका असतो.

मग दुर्बीण. तीव्र भडक्यात संपूर्ण आतड्याची कोलोनोस्कोपी सहसा करत नाहीत, कारण सुजलेल्या आतड्याला इजा होऊ शकते. पोट साफ करण्याचे कडक औषधही देत नाहीत. फक्त खालच्या भागात छोटी दुर्बीण घालून तुकडा घेतात. हे काम काही मिनिटांचे असते. तुकड्याच्या तपासणीतून कोलायटिसचे निदान पक्के होते आणि सायटोमेगालो नावाच्या विषाणूचा संसर्ग आहे का हेही कळते.

आपल्या देशात आणखी एक प्रश्न असतो, तो म्हणजे आतड्याचा क्षयरोग. तो बहुधा लहान आणि मोठे आतडे जुळते तिथे बसतो, तर कोलायटिस गुदाशयापासून सुरू होतो. तरीही डॉक्टर छातीचा एक्स-रे काढतात, घरात कुणाला टीबी होता का ते विचारतात. हे उत्तर लपवू नका. पुढे लागणाऱ्या काही औषधांनी शरीरात दबून बसलेला टीबी जागा होतो.

पहिले सात दिवस

उपचार शिरेतून दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडने सुरू होतो. स्टेरॉइडचे नाव काढले की आपल्याकडे नातेवाईक घाबरतात. महिनोन्‌महिने घेतले तर त्याचे दुष्परिणाम खरेच गंभीर आहेत. परंतु या आठवड्यात रुग्णाचा जीव वाचवणारे पहिले औषध तेच आहे. दर तीन रुग्णांपैकी सुमारे दोघांना त्याने उतार पडतो.

सोबत सलाइन, पोटॅशियम आणि गरज पडल्यास रक्त देतात. आणखी एक इंजेक्शन पाहून लोक गोंधळतात: रक्त वाहत असताना रक्त पातळ करणारे हेपारिन कशाला? या भडक्यात पायाच्या आणि फुफ्फुसाच्या शिरांत गुठळ्या होण्याचा धोका बराच वाढतो. त्या टाळण्यासाठी ते कमी मात्रेत देतात.

इथे आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. बाजारातील बहुतेक हेपारिन डुकराच्या आतड्यापासून बनते. त्याविषयी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. फोंडापॅरिनक्स नावाचे कृत्रिम औषध आहे. रुग्णाची प्रकृती आणि रक्तस्राव पाहून ते चालेल का, हे डॉक्टर सांगतील. ते मिळत नसेल किंवा योग्य नसेल, तर जीव वाचवण्याच्या गरजेच्या वेळी शरीअतने दिलेली सवलत आपल्या उलेमांनी वारंवार सांगितली आहे. वॉर्डात वाद घालत डोस चुकवू नये.

तिसरा दिवस या उपचारात फार महत्त्वाचा आहे. शौच किती वेळा झाले आणि सीआरपी किती, हे त्या दिवशी पाहतात. ऑक्सफर्डच्याच डॉक्टरांनी १९९६ साली दाखवून दिले की तिसऱ्या दिवशीही ८ पेक्षा जास्त वेळा शौच होत असेल, किंवा ३ ते ८ वेळा होऊन सीआरपी ४५ च्या वर असेल, तर अशा शंभरातील ८५ रुग्णांना त्याच मुक्कामात आतडे काढावे लागले. तेव्हा आजच्यासारखी दुसरी औषधे सर्रास मिळत नव्हती. तरी त्यातला धडा कायम आहे: तिसऱ्या दिवशी उतार नसेल तर स्टेरॉइडच चालू ठेवून वाट पाहत बसायचे नाही.

पुढची पायरी म्हणजे इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन. युरोपात आणि ब्रिटनमध्ये दोन्हींची तुलना झाली, तेव्हा परिणामात फारसा फरक आढळला नाही. इन्फ्लिक्सिमॅब महाग आहे, पण द्यायला सोपे. सायक्लोस्पोरिन स्वस्त, पण त्यासाठी रक्ताच्या तपासण्या वारंवार लागतात. कोणते द्यायचे हे रुग्णालयातील सोयी, रुग्णाची प्रकृती आणि खिसा पाहून ठरते. टोफासिटिनिब नावाच्या गोळ्यांचाही भारतात आता अभ्यास आणि वापर होत आहे.

म्हणून भरती झाल्याच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. इथे पोटविकार तज्ज्ञ रुग्णाला पाहतील का? तिसऱ्या दिवशी दुसरे औषध लागले तर ते इथे देता येईल का? वेळ आली तर मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया करणारे सर्जन इथे आहेत का? उत्तर ‘नाही’ असेल, तर रुग्ण हलवण्याच्या अवस्थेत असतानाच नागपूरचा विचार करा. वर्ध्याहून नागपूर सुमारे ७५ किलोमीटर आहे. पहिल्या-दुसऱ्या दिवशी हे अंतर काहीच नाही. सातव्या दिवशी, आतडे फुगलेले आणि रक्तदाब उतरलेला असताना तेच अंतर फार मोठे ठरते.

दुसऱ्या औषधानेही काही दिवसांत उतार पडला नाही, किंवा आतडे फुगले, फाटले, रक्त थांबेना, तर शस्त्रक्रिया करतात. मोठे आतडे काढून लहान आतड्याचे तोंड पोटावर आणतात आणि तिथे पिशवी लावतात. हे ऐकून घरात रडारड होते, ‘आणखी दोन दिवस बघू’ असे म्हटले जाते. शस्त्रक्रियेतील बहुतेक धोका या उशिरातून येतो. अनेकांची पिशवी पुढे दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढता येते. ज्यांची राहते तेही नोकरी करतात, संसार करतात.

खर्चाचे काय?

सेवाग्राममध्ये काही दशकांपूर्वी एक अनोखी योजना सुरू झाली. सुगीला प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि त्या बदल्यात वर्षभर रुग्णालयात सवलतीत उपचार घ्यायचे. आजारपण येण्याआधी तयारी करायची, ही त्यामागची समजूत आजही तितकीच कामाची आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरील नावे जुळतात का हे आजच पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात. भरती होताच त्यांना भेटा आणि कोणता उपचार योजनेत बसतो हे विचारा. पुढच्या रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात चौकशी करा.

घरी आल्यावर

स्टेरॉइडच्या गोळ्या आठवड्या-आठवड्याने कमी करत बंद करतात. बरे वाटले म्हणून त्या एकदम सोडल्या तर जिवावर बेतू शकते. मेसालामाइन किंवा अॅझाथायोप्रिनसारखे औषध मात्र दीर्घकाळ घ्यायचे असते. बरे वाटते ते औषधामुळेच, हे घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावे. अॅझाथायोप्रिन घेणाऱ्यांनी ठरल्या वेळी रक्त तपासावे.

जेवणाबाबत अतिरेकी पथ्य नको. भडक्यात मऊ भात, खिचडी, दही, उकडलेला बटाटा, अंडी, कमी मसाल्याची यखनी चालते. कच्चे सॅलड, तिखट रस्सा आणि साल-बियांचे पदार्थ काही दिवस टाळावेत. आजार शांत झाला की बहुतेकांना घरचे साधे जेवण मानवते. सगळे बंद करून नुसत्या पेजेवर ठेवलेला रुग्ण आणखी खंगतो.

रमजानचा प्रश्न महत्त्वाचा आहे. भडका चालू असताना, स्टेरॉइड सुरू असताना रोजा ठेवू नये. आजाऱ्याला दीनने सूट दिली आहे, बरे झाल्यावर कजा आहे; आणि आजार तसा नसेलच तर फिदियाविषयी आलिमांना विचारावे. आजार शांत असेल तर दिवसातून एकदा घ्यायचे मेसालामाइन इफ्तार किंवा सहरीला घेता येते, पण रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटूनच ठरवावे. गुदद्वारातून घ्यायचे औषध रात्री घ्यावे, म्हणजे रोज्याविषयी शंका राहत नाही. ज्यांना शौच आवरत नाही किंवा पोटावर पिशवी आहे, ते फिकहच्या भाषेत ‘माजूर’ ठरतात. हनफी मसलकात अशांनी प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी वुजू करून नमाज अदा करावी असे सांगितले आहे. आजारामुळे नमाज सुटली म्हणून मनात खंत घेऊन बसलेल्यांना हे कुणीतरी समजावून सांगायला हवे.

लग्नाचे स्थळ पाहताना हा आजार लपवला जातो. मग सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, त्या चुकतात आणि भडका उडतो. दोन्ही घरांनी आधीच डॉक्टरांशी बोलावे. आजार शांत असताना गर्भ राहिला तर बहुतेक बाळंतपणे सुखरूप होतात. गरोदरपणात औषधे स्वतःहून बंद करू नयेत. त्या काळात औषधापेक्षा भडकाच आई आणि बाळाला अधिक धोक्याचा असतो. आजाराला ८ वर्षे झाली की कोलोनोस्कोपीने आतड्याची नियमित तपासणी सुरू करावी, कारण दीर्घकाळाच्या सुजेतून कर्करोगाचा संभव वाढतो.

जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना किशोरवयापासून हाच आजार होता. त्यामुळे २००७ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. नवे औषध मिळाल्यावर ते २०१२ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले आणि जवळपास आठ वर्षे देश चालवला. २०२० मध्ये आजार उलटल्यावर पुन्हा पायउतार झाले. आजार पूर्ण जात नाही, पण त्याच्यासोबत मोठे आयुष्य जगता येते, हे या उदाहरणातून आपल्या तरुणांना सांगता येईल.

शेवटी एक छोटे काम. घरात कुणाला ही तक्रार असेल, तर आजपासून एका वहीत रोज लिहा: किती वेळा शौच, रक्त होते का, रात्री उठावे लागले का, ताप, नाडी, घेतलेली औषधे. जुने रिपोर्ट त्याच पिशवीत ठेवा. अपरात्री सेवाग्राम किंवा सावंगीच्या अपघात विभागात पोचल्यावर ती वही डॉक्टरांच्या हाती दिली, की निदानाचे निम्मे काम झालेले असते.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.